कपाळमोक्ष : कवटी उघडण्याचा इतिहास, घोलवडच्या बाजूने

'कपाळमोक्ष' हा मराठीतला एक विलक्षण शब्द आहे. चितेवर देहाची कवटी फुटते आणि तिच्यातून प्राण मोकळा होतो, या श्रद्धेतून तो आला. अंत्यविधीतल्या कपालक्रियेशी त्याचे नाते उघड आहे. पुढे बोलण्यात त्याचा अर्थ सैल झाला. कुणी उंचावरून डोक्यावर आपटला, की 'कपाळमोक्ष झाला' असे म्हटले जाऊ लागले. मग थट्टेत एखाद्या फसलेल्या बेताचाही कपाळमोक्ष होऊ लागला. या सगळ्या अर्थछटांत एक गोष्ट समान राहिली : कवटी उघडली, की माणूस संपला.

वैद्यकाच्या इतिहासात मात्र याच्या नेमकी उलट कल्पना फार जुन्या काळापासून वावरते आहे. माणूस जगावा म्हणून त्याची कवटी उघडायची, ही ती कल्पना. आज ती मेंदूशल्यविद्येतील एक प्रस्थापित उपाय आहे. अपघात, रक्तस्राव, गाठ, पक्षाघात किंवा साचलेले पाणी यांमुळे कवटीच्या आतला दाब जीवघेणा वाढला, आणि औषधांनी तो उतरला नाही, तर शल्यविशारद कवटीला वाट करून देतो. ही वाट किती प्रकारे करता येते, ती कशी सुचत गेली आणि तिने नेमके काय साधते, हा या लेखाचा विषय आहे.

हा इतिहास सहसा एडिंबरा, बर्न, बॉस्टन अशा शहरांच्या क्रमाने सांगितला जातो. आपल्याकडे तो आणला, तर भायखळ्याच्या जे.जे. किंवा परळच्या केईएम रुग्णालयापाशी येऊन थांबतो. तो आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर उत्तरेला, डहाणू तालुक्यातल्या घोलवडपर्यंत नेऊन वाचावा, असे मला वाटते. या शस्त्रक्रियेत दोन गोष्टींचा हिशेब असतो : कवटीतली जागा आणि घड्याळातला वेळ. जागेचा हिशेब ग्रंथांत बऱ्याच अंशी सुटलेला आहे. वेळेचा हिशेब मात्र नकाशावरच मांडावा लागतो.

१

प्रारंभ सुश्रुतापासून करू. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ मध्ये यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता छापली, आणि महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हाती हा ग्रंथ नीट मुद्रित रूपात आला. सुश्रुताच्या मर्मविचारात 'सद्यःप्राणहर' म्हणजे आघात होताच किंवा सात रात्रींच्या आत प्राण घेणारी मर्मे सांगितली आहेत. त्यांत 'शंख' हे मर्म येते. शंख म्हणजे कानशील. कवटीवरचे 'सीमंत', म्हणजे हाडांचे सांधे, मात्र त्याने 'कालांतरप्राणहर' मर्मांत घातले आहेत. आधुनिक शरीररचनाशास्त्र सांगते, की कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, की हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुश्रुताला ही धमनी ठाऊक होती, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु कानशिलावरचा मार प्राणघातक असतो, हे निरीक्षण त्याच्या परंपरेने टिपले होते, आणि ते अचूक होते.

निरीक्षण आणि उपाय यांच्यात मात्र मोठे अंतर असते. ते ओलांडण्याचे प्रयत्न या भूमीत झाले, याचे पुरावे हाडांवर आहेत. राजस्थानातील कालीबंगा येथील हडप्पाकालीन वसाहतीत एका मुलाची भोके पाडलेली कवटी सापडली. त्या मुलाला जलशीर्ष, म्हणजे मेंदूत पाणी साचण्याचा विकार असावा, असे अभ्यासकांनी मांडले आहे. लोथल येथेही एका मुलाच्या कवटीवर असे छिद्र आढळले. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन कवटीवर तर एकाहून अधिक छिद्रांचे प्रयत्न दिसतात. १८६७ मध्ये पेरूमधल्या एका प्राचीन कवटीवरून फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी दाखवून दिले, की असे छेद जिवंत माणसावर घेतले जात. छेदाच्या कडेला हाड पुन्हा धरू लागले असेल, तर तो माणूस त्यानंतर जगला होता, एवढे हाडच सांगते. तो छेद कशासाठी घेतला, हे मात्र हाड सांगत नाही.

त्यासाठी कथांकडे जावे लागते. पाली विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकाला जीवक परका नाही. राजगृहाचा एक श्रेष्ठी डोक्याच्या विकाराने मरणपंथाला लागला होता. एका वैद्याने तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले, दुसऱ्याने सातव्या. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची त्वचा कापली, कवटीचा सांधा उघडला आणि दोन जंतू बाहेर काढून लोकांना दाखवले, एक लहान आणि एक मोठा. कथेतला सर्वात वैद्यकीय भाग त्यानंतर येतो. सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहीन, असे जीवकाने रुग्णाकडून आधीच कबूल करून घेतले होते. प्रत्यक्षात श्रेष्ठीला सात सात दिवसच धीर धरवला, आणि तो बरा झाला. जीवक म्हणाला, मी सात महिने सांगितले नसते, तर तू सात दिवसही पडून राहिला नसतास. रुग्णाशी काय आणि कसे बोलावे, हा प्रश्न त्या कथेत शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे. या मुद्द्याकडे आपल्याला शेवटी परतायचे आहे.

दुसरी कथा बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'तली. धारच्या भोजराजाच्या असह्य शिरोवेदनेवर वैद्यरूपाने आलेल्या अश्विनीकुमारांनी त्याला मोहचूर्णाने बेशुद्ध केले, कवटी उघडली, आतला मासा काढला, कवटी पुन्हा सांधली आणि राजाला शुद्धीवर आणले. भोज अकराव्या शतकातला, ग्रंथ सोळाव्या शतकातला, तेव्हा भोजराजाचे चरित्र म्हणून या प्रसंगाला किंमत नाही. कल्पनेचा इतिहास म्हणून मात्र आहे. जंतू काय किंवा मासा काय, दोन्ही कथांत एकच समजूत दिसते : डोक्यात काहीतरी परके शिरले आहे, ते बाहेर काढले की माणूस सुटेल. भगताच्या भाषेतली 'बाधा' याच समजुतीच्या कुळातली. आणि आज एखादा सुशिक्षित नातेवाईक 'गाठ काढली ना, मग शुद्धीवर का येत नाही?' असे विचारतो, तेव्हा तोही काही अंशी याच कुळात असतो.

२

आधुनिक वैद्यकाने केलेला खरा बदल या समजुतीत आहे. त्याने लक्ष परक्या वस्तूवरून जागेकडे वळवले. एडिंबऱ्याच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडले, की प्रौढ माणसाची कवटी ही न ताणणारी, बंद पेटी आहे, आणि आतल्या एका घटकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्याचे कमी व्हावेच लागते. १८४६ मध्ये जॉर्ज बरोज यांनी या हिशेबात मेंदूभोवतीच्या पाण्यालाही जागा दिली. आजचा ढोबळ हिशेब असा : पेटी साधारण १४०० ते १५०० मिलिलिटरची, तिच्यात सुमारे ऐंशी टक्के मेंदू, आणि उरलेल्या जागेत जवळपास निम्मे रक्त, निम्मे पाणी. हे मस्तिष्कजल कोणत्याही क्षणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असते. पण ते दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर तयार होते आणि तितकेच शोषले जाते.

या पेटीत रक्ताची गुठळी वाढू लागली, की आधी पाणी आणि शिरांमधले रक्त कवटीबाहेर सरकून जागा करून देतात. तोवर रुग्ण बोलतो, चालतो, 'मला काही झाले नाही' म्हणतो. सरकवण्याजोगे काही उरत नाही, तेव्हा मात्र थोड्याशा वाढीनेही दाब एकदम चढतो. सुस्थितीत पडून असलेल्या प्रौढात हा दाब पाऱ्याच्या पाच ते पंधरा मिलिमीटरइतका असतो. डोक्याच्या गंभीर दुखापतीत तो बावीसच्या वर राहिला, तर उपचार करावेत, असे २०१६ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दाब चढला, की मेंदूत रक्त शिरणे अवघड होते, आणि मेंदू स्वतःच कवटीतल्या कडांवरून खालच्या दिशेला ढकलला जातो. एका डोळ्याची बाहुली मोठी होते. रक्तदाब वाढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. या अखेरच्या खुणांचा उलगडा हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्न येथे थिओडोर कोखर यांच्याकडे असताना केलेल्या प्रयोगांतून झाला. खुद्द कोखर यांनी १९०१ मध्ये सांगितले होते, की दाब वाढला असेल तर कवटी उघडून तो उतरवला पाहिजे. १९०५ मध्ये कुशिंग यांनी कानशिलाच्या स्नायूखालचे हाड काढून दाब उतरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

हा सिद्धांत आपल्या घरातल्या एका जुन्या ज्ञानाशी ताडून पाहता येतो. तान्ह्या बाळाची टाळू. तिथे हाड अजून जुळलेले नसते. टाळू भरताना आजीचा हात रोज तिथून फिरतो. जुलाबांनी बाळ सुकले, तर 'टाळू खोल गेली' हे तिला आधी कळते. टाळू फुगलेली, ताणलेली लागली, तर काहीतरी गंभीर आहे, हेही कळते. मन्रो आणि केली यांचा नियम तान्ह्या बाळाला पूर्ण लागू पडत नाही, कारण त्याची पेटी अजून बंद झालेली नाही. म्हणूनच जलशीर्ष झालेल्या बाळाचे डोके वाढत जाते, आणि त्याच विकाराने प्रौढ माणूस बेशुद्ध होतो. शल्यविशारद प्रौढाच्या कवटीतले हाड काढतो, तेव्हा तो एका अर्थाने मोठी टाळूच तयार करत असतो. नैसर्गिक टाळूप्रमाणे तीही हाताला लागते, फुगते, ओसरते आणि पुढे बुजवावी लागते.

३

आता उपाय. शस्त्रक्रियेच्या आधीची पायरी औषधांची असते : डोके थोडे उंच ठेवणे, श्वास नीट चालू ठेवणे, गुंगीची औषधे, मॅनिटॉलसारखी किंवा तीव्र मिठाच्या पाण्याची सलाईन. ती पुरली नाही, किंवा आत वाढती गुठळी दिसत असली, तर जागा करण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन.

पहिला मार्ग, जे वाढले आहे ते काढणे. कवटीचा तुकडा उचलून गुठळी, गाठ किंवा पू काढायचा आणि तुकडा परत बसवायचा. वयस्कांमधल्या जुन्या, पातळ झालेल्या रक्तस्रावाला एखाद-दुसरे छिद्रही पुरते.

दुसरा मार्ग, पाणी काढणे. मेंदूच्या पोकळीत बारीक नळी घालून पाणी बाहेरच्या पिशवीत सोडता येते; त्याच नळीने दाबही मोजता येतो. पाणी कायमच साचत असेल, तर कातडीखालून पोटापर्यंत नळी नेऊन तिथे झडप बसवतात. तिला शंट म्हणतात. काही रुग्णांत दुर्बिणीने पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला आतल्या आत नवी वाट देता येते, मग नळीची गरज उरत नाही.

तिसरा मार्ग, पेटीच मोठी करणे. कवटीचा मोठा भाग, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटर, काढून ठेवायचा, आतले जाड आवरण उघडून सैल करायचे आणि वरची त्वचा शिवून टाकायची. सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या बाजूला फुगायला जागा मिळते. आवरण न उघडता नुसते हाड काढले, तर फायदा फारच थोडा होतो. गेल्या काही वर्षांत भारतीय शल्यविशारद आयप चेरियन यांनी मेंदूच्या तळाशी असलेले पाण्याचे कप्पे उघडण्याचा मार्गही पुढे आणला आहे. त्याची उपयुक्तता अजून तपासली जात आहे.

तिसऱ्या मार्गात एक प्रश्न उरतो : काढलेले हाड ठेवायचे कुठे? उणे ऐंशी अंशांचा शीतकपाट असेल तर तिथे. नसेल, तर रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली, चरबीत. ही पद्धत भारतात सर्रास वापरली जाते. सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ते हाड पोटातून काढून पुन्हा डोक्यावर बसवले जाते. ज्याने हे ऐकलेले नाही, त्याला ही गोष्ट भोजप्रबंधातली वाटेल. वास्तविक तिच्यामागे साधी व्यवहारबुद्धी आहे : रुग्ण कुठेही गेला, तरी त्याचे हाड त्याच्याबरोबर राहते, आणि वीज गेली तरी ते खराब होत नाही.

४

भारतात या विद्येचा पाया रचला गेला तो स्वातंत्र्यानंतर लगेच. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूशल्यविभाग सुरू केला, बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये मद्रासला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून आणि केईएम रुग्णालय १९२६ पासून उभे होते. पण मेंदूशल्यविद्या स्वतंत्र शाखा म्हणून तिथे रुजली ती डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्या पहिल्या पिढीतील शल्यविशारदांमुळे. सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ मध्ये झाला. त्याआधी मेंदूच्या पोकळीत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत औषध सोडून क्ष-किरणांवर सावल्या वाचाव्या लागत. नाहीतर बाहुलीवर विश्वास ठेवून छिद्र घ्यावे लागे.

मुंबईने या विद्येत आपल्या रुग्णांचे वास्तवही मांडले. दस्तूर आणि मेंदूविकारतज्ज्ञ अनिल देसाई यांनी १९६५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात क्षयाच्या १०७ गाठी आणि ग्लायोमाच्या १०७ गाठी यांची तुलना प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य ग्रंथांत कवटीतला दाब वाढवणारी वस्तू म्हणजे बहुधा कर्करोगाची गाठ. इथे ती क्षयाचीही असू शकते, आणि क्षयाचा मेंदूज्वर पाण्याच्या वाटा बुजवून जलशीर्ष करू शकतो. अशा रुग्णांना शंट लागतात आणि परदेशी शंट महाग. भारतात डॉ. डी. के. छाब्रा यांच्या नावाचा स्वस्त शंट तयार झाला. २००५ मध्ये युगांडातील १९५ मुलांच्या अभ्यासात तो नामांकित पाश्चात्त्य शंटच्या तोडीस तोड ठरला. एकाची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. जागा करण्याचे तंत्र गरिबाच्या आवाक्यात आणण्याचा हा भाग आपल्या इतिहासात अभिमानाने नोंदवावा असा आहे.

५

आता घोलवड. डहाणू आणि तलासरी हे तालुके मराठी वाचकाला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे आणि बोर्डी-कोसबाड परिसर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणामुळे माहीत आहेत. घोलवड म्हटले, की चिकूच्या वाड्या आठवतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर चर्चगेटपासून हे ठाणे सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. पूर्वेकडून, तलासरीवरून, मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. उत्तरेला काही किलोमीटरवर गुजरातची सीमा. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात '१०८' रुग्णवाहिका सुरू झाल्या. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. कवटी उघडण्याची वेळ आली, की मात्र इथला रुग्ण बहुधा वापी, सिल्व्हासा, वलसाड अशी उत्तरेची वाट धरतो, नाहीतर मुंबईची.

या प्रदेशात डोक्याला मार कसा लागतो, हे सांगायला आकडेवारी नको. महामार्ग आहे, हेल्मेटाविना दुचाकी आहेत, ताडावर चढणारे आहेत, उंच झाडांवरून फळे उतरवणारे आहेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी डहाणू तालुक्यातल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघे मागच्या आसनांवर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. जखमींना आधी वापीला आणि नंतर मुंबईला नेण्यात आले. साधनांची कमतरता नसलेल्या माणसांच्या बाबतीतही हा रस्ता असाच चालतो : आधी जवळची उत्तर, मग दूरची दक्षिण. ज्या आघातात मेंदूच जागीच मोडतो, तिथे कोणतीही शस्त्रक्रिया उपयोगी पडत नाही. तिथे पट्टा आणि हेल्मेट हेच उपाय. पण ज्याच्या डोक्यात हळूहळू रक्त साठते आहे, जो पडल्यावर उठून बसला आणि बोललाही, त्याच्यासाठी अंतर हाच निर्णायक घटक ठरतो.

१९८१ मध्ये अमेरिकेत ८२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाखाली ताजा रक्तस्राव झालेल्या, बेशुद्ध रुग्णांचा. दुखापतीपासून चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावले. त्यानंतर झालेल्यांपैकी ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका टोकाचा सापडला नाही, तरी दिशा तीच राहिली. आता हे चार तास घोलवडच्या मागच्या एखाद्या पाड्यावर मांडून पाहावेत. 'झोपू दे त्याला, लागलंय' म्हणून एक तास जातो. गाडी मिळेपर्यंत दुसरा. उपजिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी, तिसरा. स्कॅन होईपर्यंत चौथा. यात कुणी दुष्ट असावे लागत नाही. म्हणूनच पहिला तास सर्वात मोलाचा. तो वाचवण्यासाठी शल्यविशारद लागत नाही, माहिती लागते. डोक्याला मार लागलेला माणूस पुन्हा पुन्हा ओकतो, डोकेदुखी वाढत जाते, तो गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, त्याला झटका येतो, एक हात-पाय लुळा पडतो किंवा एक बाहुली मोठी दिसते, तर ती झोप नव्हे. त्याला तत्काळ हलवले पाहिजे, आणि शक्यतो थेट तिथे, जिथे स्कॅन आणि शस्त्रक्रिया दोन्ही आहेत.

६

वेळेत पोचल्यावरही एक प्रश्न उरतोच, आणि तो जागेच्या हिशेबात बसत नाही. हाड काढल्याने दाब उतरतो, हे निर्विवाद आहे. पण दाब उतरला म्हणजे माणूस परत आला का?

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेक्रा' चाचणीत अपघाताने मेंदूला सर्वत्र सूज आलेले १५५ रुग्ण होते. लवकर हाड काढलेल्या गटात दाब उतरला. पण सहा महिन्यांनी ७० टक्के रुग्णांची अवस्था वाईट होती, औषधांच्या गटात ५१ टक्क्यांची. २०१६ च्या 'रेस्क्यू-आयसीपी' चाचणीत ४०८ रुग्ण होते. इथे हाड काढणे हा अखेरचा उपाय म्हणून वापरला होता. सहा महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटातले २६.९ टक्के दगावले, औषधांच्या गटातले ४८.९ टक्के. फरक मोठा आहे. पण वाचलेल्यांकडे नीट पाहिले, की चित्र गुंतागुंतीचे होते. शंभर रुग्णांमागे बावीस जास्त जगले. त्यांपैकी सहा जाणीवशून्य अवस्थेत, आठ पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून, आणि आठ जण निदान घरात काही काळ स्वतःचे स्वतः सांभाळू शकतील असे किंवा त्याहून बरे. पक्षाघाताने मेंदूचा मोठा भाग सुजलेल्या, साठीच्या आतल्या रुग्णांत चित्र बरेच आशादायक आहे. २००७ मध्ये तीन चाचण्यांतील ९३ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण झाले. अट्ठेचाळीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के वर्षभराने जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के. २०२३ च्या आणखी एका चाचणीने सांगितले, की आवरणाखालचा ताजा रक्तस्राव काढल्यावर हाड परत बसवले काय किंवा बाहेर ठेवले काय, परिणाम सारखाच. तेव्हा सहज बसत असेल तर ते बसवावे.

मराठीत 'वाचणे' या एका क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. 'पेशंट वाचेल का?' या प्रश्नात त्यांपैकी एकच अभिप्रेत असतो. पण डाव्या मेंदूला मोठी इजा झालेला माणूस वाचतो आणि पुन्हा कधीच वाचू शकत नाही, असे घडते. भाषेच्या माणसांनी तरी या दोन अर्थांमधले अंतर लक्षात ठेवायला हवे.

जाणीवशून्य जगण्याचा अर्थ महाराष्ट्राला ज्या नावाने कळला, ते नाव केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. तो आघात दाबाचा नव्हता. हाड काढून तो सुधारला नसता. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना जवळपास बेचाळीस वर्षे सांभाळले. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. पिंकी विराणी यांचे १९९८ चे पुस्तक आणि दत्तकुमार देसाई यांचे 'कथा अरुणाची' हे नाटक यांनी ही गोष्ट साहित्यात आणली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी दयामरणाची मागणी नाकारली. पण त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मान्य केली. २०१८ मध्ये न्यायालयाने इच्छापत्र आधी लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. म्हणजे 'कवटी उघडावी का?' या प्रश्नाच्या शेजारी 'कोणत्या जगण्यासाठी?' हा प्रश्न आता कायद्यातही उभा आहे.

हा प्रश्न प्रत्यक्षात विचारला जातो तो रात्री, अतिदक्षता विभागाबाहेर, संमतिपत्र पुढे करून. घोलवडच्या मागच्या पाड्यावरून आलेल्या माणसाच्या घरी वारली बोलली जाते. त्याने शाळेत मराठी वाचली. सीमेपलीकडच्या रुग्णालयात त्याच्याशी गुजराती बोलली जाते. आणि कागदावर इंग्रजी असते. 'तुमच्या मुलाच्या कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवणार आहोत' हे वाक्य या चार भाषांतून जाताना काय होत असेल? तो घाबरून रुग्णाला परत नेईल, किंवा काहीही न समजता सही करेल. दोन्हींत तो निर्णय त्याचा राहत नाही.

जीवकाने सात दिवसांसाठी सात महिने सांगितले, आणि कथेने त्याला चातुर्य म्हटले. आजच्या वैद्याला तशी मुभा नाही; त्याला खरे आकडे सांगायचे आहेत, आणि कळतील अशा शब्दांत. त्यासाठी शब्द हवेत. 'डोक्यात सूज आहे, हाड काही महिन्यांसाठी काढून ठेवू, मेंदूला जागा मिळेल. जीव वाचण्याची आशा वाढेल, पण पूर्वीसारखा होईल याची खात्री देता येत नाही' एवढी साधी वाक्ये मराठीत, वारलीत, गुजरातीत तयार असायला हवीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि शाळेच्या पाठातही. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मुलांना त्यांच्या परिसरातून आणि बोलीतून शिकवण्याचा प्रयोग झाला, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्याच गावांत डोक्याच्या माराचा एक पाठ लिहिणे अवघड नाही. तो लिहायला मेंदूशल्यविशारदाबरोबर भाषेचा शिक्षकही लागेल.